ढोलकी-घुमा, बारा अक्षरांत

एन्सॉनिक कंपनीच्या ईपीएस-१६ प्लस या सॅम्पलर कीबोर्डच्या, म्हणजे मुद्रित केलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या वाद्याच्या, ३७ फ्लॉप्या माझ्याकडे आहेत. त्यांतल्या २६ विकतच्या टोनच्या आहेत. पियानो, स्ट्रिंग्ज, ब्रास असा तो नेहमीचा माल असून तो गेला तरी माझे फारसे बिघडणार नाही, कारण त्याच फ्लॉप्या जगात आणखी कितीतरी जणांकडे असतील. उरलेल्या ११ फ्लॉप्यांवरचे टोन मात्र दुसरीकडे कुठेही नाहीत. ढोलकी, हलगी, संबळ, तुणतुणे, टाळ आणि आमच्या घरातली जुनी पेटी यांचे ते टोन मी १९९४ ते १९९८ या काळात डोंबिवलीच्या घरी, स्वयंपाकघरात मायक्रोफोन लावून तयार केले होते. गेल्या पावसाळ्यात फ्लॉप्यांचा डबा उघडला तेव्हा झाकणाखालून कुबट वास आला, आणि एका फ्लॉपीची धातूची पट्टी सरकवून ती उजेडात धरली तर आतल्या काळपट तपकिरी चकतीवर, शिळ्या भाकरीवर येतात तसे पांढरे ठिपके दिसले. हे टोन आजच्या लॅपटॉपवर वाजते करण्याचे काम त्या दिवशी सुरू झाले आणि ते आठ महिने चालले.

हे यंत्र माझ्याकडे आले ते न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या चुलतभावामुळे. दादाने १९९३ मध्ये तिकडे ते जुन्या बाजारात घेतले आणि सुट्टीवर येताना सामानात आणले. अमेरिकेतले यंत्र ११० व्होल्टवर चालणारे, म्हणून त्याच्यासोबत दोन विटांच्या वजनाचा एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरही आमच्या वाद्यवृंदाच्या प्रत्येक कार्यक्रमाला हिंडू लागला. ज्या कंपनीने ते बनवले ती पेनसिल्व्हेनियातल्या मॅल्व्हर्न या गावची होती. १९८२ मध्ये ती स्थापन करणारे अभियंते आधी कमोडोर कंपनीच्या परिवारातले होते, आणि कमोडोर ६४ या घरगुती संगणकातल्या प्रसिद्ध ध्वनिचिपचा रचनाकार बॉब यानेस हा त्यांच्यातलाच एक. १९८५ च्या सुमारास त्यांनी मिराज नावाचा सॅम्पलर १,६९५ डॉलरना बाजारात आणला. त्याआधीच्या वर्षी आलेल्या इम्युलेटर २ या दुसऱ्या सॅम्पलरची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात होती, हे लक्षात घेतले की मिराजमुळे केवढ्या लोकांच्या हाती सॅम्पलर आला असेल याचा अंदाज येतो. पुढे ईपीएस, १९९० मध्ये ईपीएस-१६ प्लस आणि त्यानंतर एएसआर-१० अशी ही वंशावळ वाढली. १९९८ मध्ये क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने कंपनी विकत घेतली, आणि थोड्याच काळात एन्सॉनिक हे नाव वाद्यांवरून नाहीसे झाले.

ज्यांनी सॅम्पलर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. साध्या कीबोर्डमधले टोन कारखान्यातच चिपमध्ये भरलेले असतात, तर सॅम्पलर सुरू करतो तेव्हा तो रिकामा असतो. ईपीएसच्या बाबतीत हा रिकामेपणा इतका पूर्ण आहे की यंत्राची चालक प्रणालीसुद्धा प्रत्येक वेळी फ्लॉपीवरूनच चढवावी लागते. वीज लावली की प्रथम पट्ट्यांची मोजणी होते, त्या वेळी पट्ट्यांना हात लावायचा नसतो, आणि मग फ्लॉपीचा तो ओळखीचा कुरकुर आवाज सुरू होतो. साहजिकच फ्लॉपी ड्राइव्ह मेला की अख्खे यंत्र मुके होते, आणि माझ्या यंत्राचा ड्राइव्ह २००७ मध्ये मेला. एका दुरुस्ती करणाऱ्याने त्यात साध्या संगणकाचा नवा ड्राइव्ह बसवून दिला, पैसे घेतले, आणि यंत्र चालेना तेव्हा मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. मदरबोर्ड शाबूत होता. संगणकाचा ड्राइव्ह जोडणीच्या ३४ क्रमांकाच्या पिनेवरून ‘फ्लॉपी बदलली’ असा संकेत देतो, तर ईपीएस त्याच पिनेवर ‘ड्राइव्ह तयार आहे’ या संकेताची वाट पाहत बसतो. एवढ्या एका तारेच्या गैरसमजापायी माझे यंत्र पुढची कितीतरी वर्षे पलंगाखाली पडून राहिले.

फ्लॉप्या थेट लॅपटॉपवर वाचाव्यात हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग मी २००९ मध्ये करून पाहिला होता, आणि त्याची किंमतही मोजली होती. यूएसबीला लावायचा बाहेरचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला, त्यात संतूरची फ्लॉपी घातली, आणि ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची आहे का, असे संगणकाने नम्रपणे विचारले. संगणकाला काहीतरी तयारी करून हवी असेल अशा समजुतीने मी ‘हो’ म्हटले. संतूर गेले. ते विकतच्या टोनपैकी होते एवढेच नशीब. त्यानंतर मी प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली लिखाणबंदीची खिटी सरकवून भोक उघडे केले. ज्यांच्याकडे अशा फ्लॉप्या असतील त्यांनी हे वाचता वाचताच उठून ते काम उरकावे.

त्या ड्राइव्हचा तसा दोष नव्हता. साधी डबल डेन्सिटीची फ्लॉपी संगणकावर ७२० केबीची होते, कारण तिच्या दोन्ही बाजूंच्या ८० वर्तुळांवर प्रत्येकी ५१२ बाइटचे ९ कप्पे आखलेले असतात. एन्सॉनिकने त्याच फ्लॉपीवर वर्तुळागणिक १० कप्पे आखले आणि ८०० केबी जागा काढली. शिवाय संगणक कप्पे १ पासून मोजतो, तर एन्सॉनिक ० पासून. यूएसबी ड्राइव्हच्या पोटात स्वतःचा एक छोटा नियंत्रक असतो, त्याला संगणकाच्या दोन-तीन ठरावीक आखण्यांपलीकडे काही कळत नाही आणि बाहेरून काही शिकवायची सोयही नसते. अकाई कंपनीच्या एस९०० या सॅम्पलरची आखणी आणखी निराळी, वर्तुळावर १,०२४ बाइटचे ५ कप्पे, म्हणजे एकूण जागा पुन्हा ८०० केबीच. मिराजने तर कमाल केली होती. एकाच वर्तुळावर १,०२४ बाइटचे पाच आणि ५१२ बाइटचा एक असे लहानमोठे कप्पे, तेही फ्लॉपीच्या एकाच बाजूला. महागड्या मेमरीच्या त्या काळात प्रत्येक कंपनी एकेक केबी पिळून काढत होती, आणि आपली फ्लॉपी तीस वर्षांनी कुणी दुसऱ्याच यंत्रात घालील याची काळजी कुणाला असण्याचे कारण नव्हते.

आता बुरशीकडे वळतो. डोंबिवलीतला जून ते सप्टेंबरचा दमटपणा आणि प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा यांचे मिळून जे व्हायचे ते झाले होते. बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर दोन अनर्थ होतात. बुरशीचा थर वाचनाच्या हेडला चिकटतो, आणि त्या मळक्या हेडने चकतीवर गोल ओरखडे उठून चुंबकीय थरच खरवडला जातो. पुढे तोच हेड त्यानंतरच्या निरोगी फ्लॉपीचीही तीच गत करतो. म्हणून मी फ्लॉपीच्या कवचाच्या कडांमध्ये जुन्या ब्लेडचे पाते घालून कवच उकलायचो आणि आतली चकती मधल्या धातूच्या चकलीला धरून बाहेर काढायचो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या चष्म्याच्या फडक्याने ती मधून बाहेरच्या दिशेने, पाठीमागून बोटाचा आधार देत, हलक्या हाताने पुसायची. ठिपके पहिल्या फेरीत निघत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या फेरीत फडक्यावर चहाच्या डागासारखा पिवळसर माग उमटतो, आणि चकतीवर केवळ एक अंधूक कडे उरते. पुसलेली चकती मी एका कोऱ्या फ्लॉपीच्या स्वच्छ कवचात घालत असे, कारण जुन्या कवचाच्या आतले पांढरे अस्तर हेच बुरशीचे खरे माहेर असते. एका संध्याकाळी तीनपेक्षा जास्त फ्लॉप्या होत नसत. घरात दवाखान्याचा वास येतो म्हणून कुरकुर झाली, तेव्हा हे दुकान गॅलरीत हलवले.

चार फ्लॉप्यांची गोष्ट निराळी निघाली. १९९७ च्या सुमारास आमच्याकडे डबल डेन्सिटीच्या फ्लॉप्या मिळेनाशा झाल्या होत्या, दुकानात सगळीकडे १.४४ एमबीच्या हाय डेन्सिटीच्याच. त्यांच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जे जादा भोक असते ते सेलोटेपने बुजवले की यंत्राला ती साधी फ्लॉपी वाटते, अशी युक्ती आम्हा सगळ्या वादकांत प्रचलित होती. ती चालत असे, परंतु हाय डेन्सिटीचा चुंबकीय थर जरा हट्टी असतो, आणि साध्या ड्राइव्हच्या हलक्या लिखाणाचा ठसा त्याच्यावर तितकासा खोल उमटत नाही. पंचवीस वर्षांनी तो सेलोटेप पिवळा पडून आपोआप गळाला होता. नवा टेप लावल्याशिवाय ड्राइव्ह त्या फ्लॉपीकडे हाय डेन्सिटीच्या नजरेने पाहतो आणि त्याला काहीच सापडत नाही, हे समजण्यात माझे दोन रविवार गेले.

वाचनासाठी मी ग्रीझवीझल नावाचे एक छोटे सर्किट मागवले. त्याच्या एका टोकाला जुन्या संगणकातून काढलेला साधा फ्लॉपी ड्राइव्ह आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी. कीअर फ्रेझर या प्रोग्रामरने ते तयार केले असून त्याची सगळी रचना मुक्त आहे. कप्पे, बाइट, आखणी यांच्याशी या सर्किटला काही देणेघेणे नसते. चकती फिरताना चुंबकीय दिशा किती किती वेळाने उलटते एवढ्या कालावधींचीच ते नोंद ठेवते, आणि त्या नोंदीचा अर्थ एन्सॉनिकच्या आखणीने लावायचा की अकाईच्या, हे नंतर लॅपटॉपवर ठरवता येते. याचा मोठा फायदा असा की फ्लॉपी एकदाच नीट फिरली तर पुरे, पुढचे सगळे प्रयोग त्या नोंदीवर करता येतात. वाचन चालू असताना पडद्यावर वर्तुळागणिक एक ओळ येते, ‘१० पैकी १० कप्पे’, आणि शेवटी सगळ्या फ्लॉपीचा नकाशा: जिथे वाचता आले तिथे टिंब, जिथे नाही तिथे फुली. वाद्यवृंदाच्या काळात श्रोत्यांच्या टाळ्यांची जेवढी वाट पाहिली नसेल तेवढी मी त्या टिंबांची पाहिली आहे.

माझ्या ११ पैकी ८ फ्लॉप्या पूर्ण उतरल्या, १,६०० पैकी १,६०० कप्पे. टेपवाल्यांपैकी एकीवर ६ फुल्या होत्या, परंतु त्या कोणत्या फाइलच्या वाट्याच्या आहेत हे पाहता आले, कारण एन्सॉनिकची अनुक्रमणिका वाचायला सोपी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात ३९ नोंदींची यादी असते, प्रत्येक नोंद २६ बाइटची, आणि पाचव्या कप्प्यापासून, कुठल्या कप्प्यानंतर कोणता कप्पा जोडायचा याचा तक्ता सुरू होतो, दर कप्प्यासाठी ३ बाइट. तक्ता धरून चालत गेलो तर सहाही फुल्या एका गाण्याच्या साथीच्या सीक्वेन्समध्ये, म्हणजे यंत्राने आपोआप वाजवायच्या सुरांच्या नोंदीत, पडल्या होत्या, आणि त्या गाण्याची मला आता आठवणही नको आहे.

दुसऱ्या फ्लॉपीवरच्या दोन फुल्यांनी मात्र नेमका घाव घातला. त्या फाइलचे नाव ‘ढोलकी-घुमा’. ईपीएसमध्ये फाइलच्या नावाला १२ अक्षरांची मर्यादा आहे, रोमन लिपीत ‘ढोलकी-घुमा’ बरोबर बारात बसते आणि ‘घुमारा’तला ‘रा’ बाहेर राहतो. आमच्या वृंदातल्या ढोलकीवाल्याचा घुमारा, म्हणजे डाव्या पुडीवर थाप मारून मनगटाने दाब देत आवाज खालून वर ओढत नेणे, हा त्याचा खास ऐवज होता, आणि नेमके त्याच्या चढत्या भागात सलग दोन कप्पे गायब होते. एका कप्प्यात ५१२ बाइट, म्हणजे १६ बिटांची २५६ मूल्ये. मी सेकंदाला सुमारे ३० हजार मूल्यांच्या वेगाने ध्वनिमुद्रण करत असे, तेव्हा दोन कप्पे म्हणजे सेकंदाचा सुमारे साठावा भाग. एवढ्याशा खिंडाराने कानाला ‘टक्’ असा चटका बसतो. त्याच सॅम्पलमधल्या, म्हणजे मुद्रित केलेल्या तुकड्यातल्या, आधीच्या लहरींची लांबी मोजून, चढत्या सुराच्या मानाने त्या किंचित आखूड करून, मी तेवढा भाग हाताने आखून भरला. आज तो जोड मला ऐकू येतो, परंतु कुठे आहे हे ठाऊक असल्यामुळेच येतो असे माझ्या भाच्याचे म्हणणे आहे. तिसऱ्या फ्लॉपीविषयी शेवटी सांगतो.

फ्लॉप्यांच्या प्रतिमा, म्हणजे त्यांच्या जशाच्या तशा नकलांच्या फाइली, हाती आल्यावर दोन वाटा फुटतात. एक म्हणजे जुन्याच यंत्राला फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह वाचायला लावणे. त्यासाठी गोटेक नावाचा, आकाराने आणि जोडणीने हुबेहूब फ्लॉपी ड्राइव्हसारखा दिसणारा डबा मिळतो. तो मूळचा संगीतकारांसाठी नाहीच. फ्लॉपीवरून नक्षी घेणारी भरतकामाची यंत्रे आणि कारखान्यांतली जुनी यंत्रे हे त्याचे खरे गिऱ्हाईक. म्हणून मी वाद्यांच्या दुकानात न जाता भरतकामाच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात गेलो. “किती हेडचं मशीन आहे, काका?” काउंटरवरच्या मुलाने विचारले. “एकाच हेडचं, आणि ते गातं,” असे मी सांगितल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि पैसे आधी मागितले. गोटेकमध्ये फ्लॅशफ्लॉपी हा मुक्त प्रोग्राम चढवला की तो निरनिराळ्या यंत्रांशी जुळवून घेतो. त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये यजमान यंत्र म्हणून एन्सॉनिकचे नाव लिहायचे आणि जोडणीचा प्रकार शुगार्ट असा निवडायचा, की ३४ क्रमांकाच्या पिनेवरून ‘तयार आहे’ हा संकेत जाऊ लागतो. २००७ मध्ये ज्याच्यापायी यंत्र आडवे पडले होते तोच हा संकेत. गोटेक बसवला त्या रात्री ईपीएसने कुरकुर न करता, मुकाट्याने, चालक प्रणाली चढवून घेतली. तो कुरकुर आवाज नसल्यामुळे मला क्षणभर ते बंदच पडल्यासारखे वाटले.

यंत्र जिवंत झाले, तरी ते घेऊन फिरणे माझ्या कंबरेला आता परवडणारे नाही, आणि त्याचा निळसर पडदाही मंद होत चालला आहे. म्हणून दुसरी वाट, टोन यंत्राबाहेर काढून लॅपटॉपवर वाजवण्याची. इथे मला जी गोष्ट उमगली ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही असे दिसते. फ्लॉपीवर केवळ ध्वनिमुद्रणे नसतात, तिच्यावर एक आखलेले वाद्य असते. ध्वनिमुद्रणे बाहेर काढणे आजकाल सोपे आहे. एवेव्ह स्टुडिओ किंवा चिकन सिस्टिम्सचे ट्रान्सलेटर यांसारखे प्रोग्राम एन्सॉनिकच्या फाइलमधली सॅम्पल सोडवून देतात, कोणते सॅम्पल कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत वाजायचे तेही बहुतेक बरोबर आणतात, आणि एसएफझेड नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहूनही देतात. ती फाइल प्लोग कंपनीच्या स्फोर्झांडो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की पट्टी दाबल्यावर ढोलकी वाजते. परंतु वाजते ती ढोलकी आणि मी बांधलेली ढोलकी यांत अंतर असते, आणि ते अंतर प्रत्येक टोनमध्ये निराळ्या ठिकाणी सापडते.

पेटीत ते सापडले लूपमध्ये. मेमरी तुटपुंजी असल्यामुळे लांब सूर पूर्ण मुद्रित करणे शक्य नसे. ८०० केबीच्या अख्ख्या फ्लॉपीवर, माझ्या वेगाने, चौदा सेकंदांहूनही कमी आवाज मावतो. त्यामुळे सुराचा आरंभ मुद्रित करायचा आणि पुढे एखाददुसरी लहर पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायची, हाच सगळ्यांचा शिरस्ता होता. माझ्या पेटीच्या मधल्या सप्तकात अशी लूप जेमतेम १०० मूल्यांची आहे. ईपीएस-१६ प्लस मधली ध्वनिचिप लूपची टोके एका मूल्याच्याही बारीक अंशापर्यंत ठेवू शकते, आणि मी कानाने लावलेली टोके तशी अंशांत पडलेली होती. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने ती पूर्णांकात ओढली. १०० मूल्यांत अर्ध्याची चूक म्हणजे अर्धा टक्का, आणि सुराच्या भाषेत सुमारे ९ सेंट (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटांचे अंतर असते). एक श्रुती साधारण २२ सेंटांपासून सुरू होते असे धरले तर ही चूक तिच्या निम्म्याला पोहोचत नाही, परंतु सुरुवातीचा आघात योग्य सुरात आणि पाठोपाठचा लांब सूर किंचित चढा, असे एकाच पट्टीत झाले की पेटी रडवेली वाटते. उपाय म्हणून प्रत्येक लूप मी एका लहरीऐवजी आठ-दहा लहरींची केली, म्हणजे तीच अर्ध्या मूल्याची चूक दहा लहरींत वाटली जाऊन कानाच्या खाली गेली. आज मेमरीचा प्रश्न नाही, तेव्हा ही उधळपट्टी चालते.

ढोलकीत अंतर सापडले ते डाव्या हाताच्या दोन बटनांत. ईपीएसच्या डाव्या बाजूला, सूर वाकवायच्या चाकांपाशी, दोन छोटी बटने असतात. एका वाद्यात सॅम्पलचे आठपर्यंत थर ठेवता येतात, आणि एकही बटन न दाबता, डावे दाबून, उजवे दाबून किंवा दोन्ही दाबून कोणते थर वाजावेत हे ठरवता येते. माझ्या ढोलकीत बटन न दाबता मोकळी थाप, डाव्या बटनाला चाट, उजव्याला घुमारा आणि दोन्हींना हात ठेवून दाबलेला बंद आघात होता. चार वर्षे वाजवून ही बटने माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत इतकी मुरली होती की ती वेगळी जाणवतच नसत. रूपांतराने चारही थर एकावर एक रचून दिले, आणि पहिली पट्टी दाबली तेव्हा थाप, चाट, घुमारा आणि बंद आघात एकदमच कोसळले. एखाद्याने ढोलकी जिन्यावरून खाली टाकल्यासारखा तो आवाज होता. एसएफझेडच्या फाइलमध्ये थर वेगवेगळे करून मी ते खालच्या चार पट्ट्यांवर नेमून दिले, म्हणजे त्यांतली एक पट्टी दाबली की पुढचे सगळे आघात त्या थराचे. हे चालते, पण ते तितकेसे बरोबर नाही. जुने बटन सोडले की थाप आपोआप परत येत असे. नव्या मांडणीत परत येण्यासाठी आणखी एक पट्टी दाबावी लागते, आणि द्रुत लयीतल्या लावणीत तेवढा वेळ नसतो. पुढे दाबून धरेपर्यंतच टिकणारी निवड करता येते हे कळले, आणि ती केल्यावर हात पुन्हा जागेवर आला.

दाबाचे मात्र समाधानकारक काही झालेले नाही. ईपीएसच्या पट्ट्या प्रत्येक बोटाचा दाब वेगळा ओळखतात. तीन सुरांचा मेळ धरून त्यातला एकच सूर, बोट खोल दाबून, पेटीच्या भात्याचा जोर वाढावा तसा वर आणता येत असे. आजच्या बहुतेक स्वस्त कीबोर्डांना दाब कळतच नाही, आणि ज्यांना कळतो त्यांतल्या बहुतेकांना सगळ्या पट्ट्यांचा मिळून एकच. एएसएमच्या हायड्रासिंथसारख्या काही वाद्यांनी ही सोय परत आणली आहे, परंतु एका पेटीसाठी तेवढा खर्च करण्याचा माझा धीर होत नाही. यंत्रातला प्रतिध्वनी आणि कोरस हेही वाद्यासोबत फ्लॉपीवर नोंदलेले असतात, पण ते फक्त त्या यंत्राच्या चिपलाच समजतात. मी ते रूपांतरात सोडून दिले आणि त्याचे दुःख झाले नाही. त्या काळी आम्ही सगळेच जण गरजेपेक्षा तिप्पट प्रतिध्वनी लावत असू.

विकतच्या २६ फ्लॉप्यांच्या प्रतिमाही मी काढून ठेवल्या आहेत. त्या कुणी मागितल्या तर देणार नाही, कारण ज्यांनी ते टोन बनवले त्यांचा हक्क कंपनी विकली गेली म्हणून संपत नाही. माझ्या अकरांतले टोन मात्र, ढोलकीवाल्याची आणि संबळवाल्याची परवानगी मिळाल्यामुळे, ज्यांना हवे असतील त्यांना देणार आहे. सोबत मूळ प्रतिमाही देणार आहे, म्हणजे माझे रूपांतर ज्यांना पटणार नाही त्यांना नव्याने करता येईल.

चांगल्या हेडफोनवर ऐकू लागल्यावर काही गोष्टी पहिल्यांदाच ऐकू आल्या. ध्वनिमुद्रण मी रात्री शेवटची लोकल गेल्यावर, दीड ते साडेतीनच्या मधल्या शांततेत करत असे. तरीही तुणतुण्याच्या मंद्र सुराच्या अगदी तळाशी मालगाडीचा भोंगा आहे. सॅम्पल दोन पट्ट्या वर वाजवले की भोंगाही दोन पट्ट्या चढतो, त्यामुळे एका तुणतुण्यात एकूण सात निरनिराळ्या मालगाड्या धावतात. तो गाळून टाकता येईल, परंतु गाळताना तुणतुण्याची धारही जाते, म्हणून राहू दिला आहे.

आता ती तिसरी फ्लॉपी. तिच्यावर हलगी आहे, आणि नकाशात चकतीच्या आतल्या बाजूला जवळजवळ सगळ्या फुल्या आहेत. चकती तीन वेळा धुतली, दोन निराळ्या ड्राइव्हांत फिरवली, तिची लहरींची नोंद पाच वेळा घेतली. दर वेळी नव्या ठिकाणचे दोन-चार कप्पे हाती लागतात आणि मागच्या वेळी लागलेले निसटतात. पाचही नोंदी एकत्र करून आतापर्यंत १,६०० पैकी १,०९१ कप्पे जमले आहेत. पुढच्या महिन्यात, हवा कोरडी असताना, ती सहाव्यांदा फिरवणार आहे.